सातबारा एका दिवशी, ताबा दुसऱ्या दिवशी: ट्युनिशियाचा १५ ऑक्टोबर

१७ जुलै २०२५ रोजी सेनेगलची राजधानी डाकार इथे एका फ्रेंच जनरलने छावणीची प्रतीकात्मक चावी सेनेगलच्या लष्करप्रमुखांच्या हाती दिली आणि त्या देशातला फ्रान्सचा कायमचा लष्करी मुक्काम संपला. त्याच वर्षी जानेवारीत चाडमधूनही फ्रेंच फौज निघाली होती. या बातम्या वाचताना बहुतेकांना एकच प्रश्न पडतो. हे दोन्ही देश १९६० मध्ये स्वतंत्र झाले, मग पासष्ट वर्षं ही फौज तिथे कशी काय होती?

या प्रश्नाचं सगळ्यात स्वच्छ उत्तर ट्युनिशियाच्या इतिहासात सापडतं. उत्तर आफ्रिकेतल्या या देशात २० मार्चला स्वातंत्र्यदिन असतो आणि १५ ऑक्टोबरलाही राष्ट्रीय सुट्टी असते. २० मार्च १९५६ ला देश स्वतंत्र झाला. १५ ऑक्टोबर १९६३ ला बिझर्त बंदरातून शेवटचा फ्रेंच सैनिक गेला. या दुसऱ्या दिवसाला अरबीत 'ईद अल-जला' म्हणतात. जला म्हणजे जागा सोडून निघून जाणं. उर्दूतल्या 'जलावतन'मधला जला तो हाच. सीरिया आणि इजिप्तमध्येही अशा दिवसाला हाच शब्द वापरतात. मराठीत आपण त्याला 'फौजवापसी दिन' म्हणू.

नाव चढलं, पण ताबा?

जमिनीचा व्यवहार केलेल्या कुणालाही हे चटकन समजेल. खरेदीखत झालं, फेरफार मंजूर झाला, सातबाऱ्यावर तुमचं नाव चढलं. पेढे वाटून झाले. दुसऱ्या दिवशी शेतावर जाऊन बघता तर विहिरीवर जुन्या मालकाची मोटर चालू आहे, रस्त्याकडेच्या खोलीत त्याची माणसं राहतात आणि फाटकाची किल्ली त्यांच्याकडेच आहे. मालकी तुमची, ताबा त्यांचा. कोर्टातसुद्धा या दोन गोष्टी वेगळ्या धरतात आणि गावातली निम्मी भांडणं याच फरकातून उभी राहतात.

देशाचंही तसंच असतं. स्वातंत्र्याच्या कागदाने झेंडा, संसद, नाणं, पासपोर्ट मिळतो. पण बंदर, विमानतळ, दारूगोळ्याची कोठारं दुसऱ्याच्या हातात राहिली, तर त्या जागेवरून कोणतं विमान उडेल आणि कुणावर बॉम्ब टाकेल, हे नव्या सरकारला ठरवता येत नाही. ट्युनिशियाच्या वाट्याला अगदी हेच आलं.

उपमा एका ठिकाणी तुटते, तेही सांगायला हवं. जुना मालक ताबा देत नसेल तर तुम्ही दिवाणी कोर्टात जाता आणि निकालाच्या मागे पोलीस उभे असतात. देशांसाठी तसा बेलीफ नाही. संयुक्त राष्ट्रसंघ ठराव करतो, पण ठराव हातात घेऊन तळ रिकामा करायला कुणी येत नाही.

बिझर्तच का?

नकाशात भूमध्य समुद्र मधोमध जिथे चिंचोळा होतो, तिथे वर सिसिली आणि खाली ट्युनिशिया आहे. पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणारं जवळजवळ प्रत्येक मोठं जहाज याच भागातून जातं. बिझर्त आफ्रिकेच्या अगदी उत्तर टोकाजवळ, ट्युनिस शहरापासून सुमारे ६५ किलोमीटरवर आहे.

जागेचा खरा गुण मात्र शहराच्या मागे आहे. तिथे एक मोठं खारं सरोवर आहे आणि ते एका अरुंद कालव्याने समुद्राला जोडलेलं आहे. १८८१ मध्ये बार्डोच्या तहाने ट्युनिशिया फ्रान्सच्या 'संरक्षणाखाली' गेला, त्यानंतर फ्रेंचांनी हा कालवा खोल आणि रुंद करून घेतला. त्यामुळे आख्खं आरमार कालव्यातून आत नेऊन सरोवरात लपवता येऊ लागलं, वादळापासूनही आणि शत्रूच्या तोफांपासूनही. सरोवराच्या आतल्या काठावर जहाजदुरुस्तीची गोदी आणि शस्त्रागार उभं राहिलं. त्याभोवती वसलेल्या गावाला फ्रेंच राजकारणी जूल फेरीच्या नावावरून फेरीव्हिल म्हणत. आज त्याचं नाव मेंझेल बुर्गिबा आहे. जवळच सिदी अहमदचा लष्करी विमानतळ.

म्हणजे बिझर्तचा तळ ही एखादी कुंपण घातलेली छावणी नव्हती. कालव्याचं तोंड, सरोवर, गोदी, धावपट्टी, इंधनाच्या टाक्या आणि या सगळ्यांना जोडणारे रस्ते असा तो पसारा होता आणि मधोमध माणसांनी गजबजलेलं शहर होतं. पुढे जे झालं त्याचं मूळ या रचनेत आहे. तळाचे तुकडे एकमेकांपासून दूर होते. एका तुकड्यातून दुसऱ्यात जायचं तर ट्युनिशियाच्या रस्त्यांवरून किंवा हवेतूनच जावं लागे.

कागदावर काय लिहिलेलं असतं

परकी फौज ज्या करारावर राहते त्याला आपण तळ-करार म्हणू. त्यात जागा कोणती, मुदत किती, सैनिक किती, भाडं किती, सैनिकाने बाहेर गुन्हा केला तर खटला कुठल्या कोर्टात, आणि गेल्यानंतर परत यायचा हक्क आहे का, इतक्या गोष्टी असाव्या लागतात. यातलं एखादं कलम मोघम राहिलं की भांडणाचं बी पेरलंच म्हणून समजा.

इजिप्तचं उदाहरण बोलकं आहे. ब्रिटनने २८ फेब्रुवारी १९२२ ला इजिप्त स्वतंत्र असल्याचं जाहीर केलं, पण चार विषय आपल्याकडे राखून. साम्राज्याचे दळणवळणाचे मार्ग, देशाचं संरक्षण, परकीयांचे हितसंबंध आणि सुदान. पुढे १९३६ च्या तहात सुएझ कालव्याच्या पट्ट्यात शांततेच्या काळात १०,००० सैनिक आणि ४०० वैमानिक ठेवायची मर्यादा लिहिली गेली. १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तिथे सुमारे ८०,००० सैनिक होते. आकडा कागदावर होता, पण डोकी मोजायला आत जायचा अधिकार इजिप्तकडे नव्हता.

माल्टाचं याच्या उलट. १९६४ मध्ये स्वतंत्र झाल्यावरही ब्रिटिश तळ तिथे होतेच. पण २६ मार्च १९७२ च्या नव्या करारात सगळं आकड्यांत बसवलं: वर्षाला १ कोटी ४० लाख पौंड भाडं आणि शेवटची तारीख ३१ मार्च १९७९. त्या तारखेला ब्रिटिश झेंडा उतरला, दुसऱ्या दिवशी शेवटची युद्धनौका निघाली. रक्ताचा एक थेंब सांडला नाही. ३१ मार्च हा आज माल्टाच्या पाच राष्ट्रीय दिवसांपैकी एक आहे आणि त्या दिवशी तिथल्या मोठ्या बंदरात होड्यांच्या शर्यती होतात.

ट्युनिशियाच्या २० मार्च १९५६ च्या स्वातंत्र्याच्या करारात फौजेबद्दल असं काहीच नव्हतं. मुदत नाही, संख्या नाही, भाडं नाही. दोन्ही देशांचं 'परस्परावलंबन' कसं असेल ते पुढच्या वाटाघाटींत ठरवू, एवढंच होतं. बाकीचं सगळं त्या एका शब्दात गुंडाळून ठेवलं होतं.

तुम्हीच सही केलीत, मग तक्रार कशाची?

हा आक्षेप पहिल्यांदा येतो आणि तो रास्त आहे. सही स्वातंत्र्यलढ्याचे नेते आणि पुढे देशाचे राष्ट्राध्यक्ष झालेले हबीब बुर्गिबा यांच्याच पक्षाच्या धोरणानुसार झाली होती. त्यांचं धोरण टप्प्याटप्प्याने घेण्याचं होतं. आज मिळतंय ते पदरात पाडून घ्यायचं, उद्या त्यावर उभं राहून पुढचं मागायचं. पक्षातलेच सालाह बेन युसुफ यांनी त्याला कडाडून विरोध केला होता आणि त्यावरून पक्ष फुटला.

पण सही कोणत्या स्थितीत झाली, तेही बघा. त्या दिवशी ट्युनिशियाकडे स्वतःचं सैन्यच नव्हतं. राष्ट्रीय सैन्य २४ जून १९५६ ला, म्हणजे स्वातंत्र्यानंतर तीन महिन्यांनी उभं राहिलं. शेजारच्या अल्जेरियात १९५४ पासून युद्ध पेटलेलं होतं आणि तिथे फ्रान्सचे लाखो सैनिक होते. समोरच्याची माणसं घरात बसलेली असताना ताब्याच्या अटींवर अडून बसणं म्हणजे खरेदीखतच लांबणीवर टाकणं. बुर्गिबांनी आधी खरेदीखत करून घेतलं. माझ्या मते त्या घडीला ते बरोबर होतं. त्याची किंमत पुढे चुकवावी लागली, ही वेगळी गोष्ट.

बाजाराचा दिवस

८ फेब्रुवारी १९५८. अल्जेरियाच्या सीमेवरचं साकिएत सिदी युसुफ हे ट्युनिशियन गाव. त्या दिवशी तिथे आठवड्याचा बाजार होता. अल्जेरियन स्वातंत्र्यसैनिक या भागाचा आसरा घेतात म्हणून फ्रेंच विमानांनी गावावर बॉम्बफेक केली. सुमारे ७० माणसं मेली आणि त्यांत शाळेतली १२ मुलं होती.

ही विमानं अल्जेरियातून आली होती. पण ट्युनिशियातल्या लोकांच्या दृष्टीने त्यात फरक नव्हता. ज्या फौजेने गाव जाळलं, त्याच फौजेच्या छावण्या आपल्याच देशात उभ्या आहेत. सरकारने फ्रेंच सैनिकांना छावण्यांबाहेर पडायला बंदी केली आणि प्रश्न संयुक्त राष्ट्रसंघात नेला. अमेरिका आणि ब्रिटनने मध्यस्थी केली. पॅरिसमध्ये या पेचावरून सरकार पडलं आणि त्या उलथापालथीतून काही आठवड्यांत द गोल सत्तेवर आले. १७ जून १९५८ ला पत्रांची देवाणघेवाण झाली. बिझर्त सोडून बाकी सगळ्या ठिकाणांहून फ्रान्सने फौज काढून घ्यायचं ठरलं आणि त्याप्रमाणे ती काढलीही.

आता उरलं बिझर्त. त्याचा निर्णय पुन्हा 'पुढे बोलू' वर गेला.

जुलै १९६१: चार दिवस

१९६१ च्या उन्हाळ्यात सिदी अहमदची धावपट्टी लांबवायचं काम सुरू झालं. नव्या लढाऊ विमानांना जास्त लांबीची धावपट्टी लागते, एवढंच फ्रेंचांचं म्हणणं. पण जो माणूस घर सोडून जाणार आहे तो स्वयंपाकघर नवं बांधून घेत नाही. ट्युनिशियाने त्याचा सरळ अर्थ लावला: यांना जायचंच नाही. ६ जुलैला बुर्गिबांनी द गोल यांना पत्र पाठवून तळ सोडायची मागणी केली. पंधरवड्याच्या आत, १९ जुलैला, नाकेबंदी सुरू झाली.

नाकेबंदीमागचा हिशोब समजून घ्यायला हवा. तळाचे तुकडे विखुरलेले आणि जोडरस्ते ट्युनिशियाचे. रस्त्यांवर अडथळे टाकले, कालव्याच्या तोंडावर पहारा बसवला आणि वरून उडायला मनाई केली, तर तळ गोळी न झाडता निकामी होतो. कामगार, भाजी, इंधन, सगळं बाहेरूनच येतं. १९५८ मध्ये छावण्या कोंडल्या तेव्हा हाच उपाय लागू पडला होता. पक्षाचे हजारो स्वयंसेवक, त्यांत तरुण मुलंमुली, मोर्चे घेऊन बिझर्तकडे निघाले. अनेकांकडे हत्यार नव्हतं.

पण १९५८ आणि १९६१ मध्ये फरक होता. समोर आता द गोल होते आणि नुकतंच एप्रिलमध्ये त्यांच्याच सेनापतींनी अल्जेरियात बंड केलं होतं. माघार घेतल्याचं दिसणं त्यांना परवडणारं नव्हतं. मनाईनंतरही विमानं उडाली, त्यांच्यावर गोळीबार झाला आणि फ्रान्सने अल्जेरियातून छत्रीधारी सैनिक उतरवले. पाठोपाठ युद्धनौका कालव्यात घुसल्या. ट्युनिशियाचं सैन्य जेमतेम पाच वर्षांचं, लढाऊ विमानं नाहीत, हवाई हल्ल्याला उत्तर नाही. शहरात गल्लीबोळांतून लढाई झाली. २२ जुलैला सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक १६४ करून शस्त्रसंधी करायला आणि दोन्ही फौजांनी मूळ जागी परतायला सांगितलं. तोवर बिझर्त शहराचा मोठा भाग फ्रेंचांच्या हातात गेला होता.

ट्युनिशियाच्या अधिकृत आकड्यांनुसार ६३० माणसं मेली आणि दीड हजारांहून जास्त जखमी झाली. फ्रान्सचे मृत तीसच्याही आत होते. या दोन आकड्यांतली तफावतच सांगते की ही दोन सैन्यांची लढाई नव्हती. मेलेल्यांत नागरिक आणि स्वयंसेवक मोठ्या संख्येने होते. आजही १५ ऑक्टोबरला राष्ट्राध्यक्ष बिझर्तच्या हुतात्मा स्मशानभूमीत जाऊन फुलं वाहतात, ती या चार दिवसांतल्या माणसांसाठी.

संयुक्त राष्ट्रसंघाचे सरचिटणीस दाग हामरशोल्ड स्वतः बिझर्तला आले, तेव्हा त्यांची गाडीसुद्धा फ्रेंच सैनिकांनी अडवली. जगातल्या सर्वोच्च मुत्सद्द्याला एका स्वतंत्र देशातल्या शहरात शिरताना परकी पहारेकऱ्याची परवानगी लागली. ताबा कुणाचा होता, हे दाखवायला दुसरा पुरावा नको.

फ्रान्स जाणारच होता, मग घाई कशाला केली?

हा प्रश्न ट्युनिशियातही विचारला जातो आणि तो टाळण्यात अर्थ नाही.

एक बाजू अशी. द गोल यांनी फेब्रुवारी १९६१ च्या भेटीत बुर्गिबांना सांगितलं होतं, की फ्रान्सची अण्वस्त्रं सज्ज झाली की बिझर्तची गरज उरणार नाही. अल्जेरियाचं युद्धही संपायच्या वाटेवर होतं. वर्ष-दोन वर्षं कळ काढली असती तर ६३० जीव वाचले असते. शिवाय बुर्गिबांनी त्याच वेळी दक्षिणेला सहारातला २३३ क्रमांकाचा सीमास्तंभ आपला असल्याचा दावा करून तिथेही तुकडी पाठवली. त्यामुळे फ्रान्सबरोबर अल्जेरियन लढवय्येही दुखावले. एका वेळी दोन आघाड्या उघडणं आणि निःशस्त्र माणसांना छत्रीधारी सैनिकांपुढे नेणं ही चूक होती, असं मला वाटतं.

दुसरी बाजू तितकीच खरी आहे. 'गरज संपली की जाऊ' ही तारीख नसते. गरज कधी संपली हे ठरवणारा जर ताबा धरून बसलेलाच असेल, तर दुसऱ्याने किती वर्षं थांबायचं? बिझर्तनंतर हा विषय फ्रान्स आणि ट्युनिशिया यांच्यातला खाजगी विषय राहिला नाही. २५ ऑगस्ट १९६१ ला संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने, आपल्या संमतीशिवाय राहिलेली फौज परत न्यायला सांगण्याचा ट्युनिशियाचा सार्वभौम हक्क मान्य केला. बाजूने ६६ मतं, विरोधात एकही नाही, ३० देश तटस्थ. फ्रान्स अधिवेशनाला हजरच राहिला नाही. पुढच्याच आठवड्यात बेलग्रेडला अलिप्त देशांची पहिली परिषद भरली. नेहरूही तिथे होते. परिषदेच्या जाहीरनाम्यात ट्युनिशियाच्या भूमीवरून फ्रेंच फौज ताबडतोब हटवण्याची मागणी होती.

सप्टेंबरमध्ये कैद्यांची अदलाबदल झाली आणि फ्रेंच सैनिक शहरातून तळाच्या हद्दीत परतले. जुलै १९६२ मध्ये अल्जेरिया स्वतंत्र झाला, तशी बिझर्तची उपयुक्तता झपाट्याने घटली. आणि १५ ऑक्टोबर १९६३ ला शेवटचे सैनिक निघाले. डिसेंबरात मोठा सोहळा झाला, त्याला इजिप्तचे नासेर आणि अल्जेरियाचे बेन बेला आले होते.

फौज बाहेर काढायची म्हणजे नेमकं काय करायचं?

झेंडा उतरतो तो शेवटचा तास. त्याआधी काही महिने, कधी वर्षं, कामं चालतात.

पहिलं काम तारीख लिहून घेणं. 'लवकरात लवकर' नाही, तारीखच. १९ ऑक्टोबर १९५४ च्या ब्रिटन-इजिप्त करारात 'सहीपासून २० महिने' असं लिहिलं होतं आणि त्या मुदतीत, जून १९५६ मध्ये, शेवटचे ब्रिटिश सैनिक गेले. १८ जूनला नासेरनी पोर्ट सईदला झेंडा चढवला. तारीख लिहिली की तिच्यापासून मागे मोजत टप्पे पाडता येतात.

मग यादी. दोन्ही बाजूंची माणसं एकत्र बसून काय जाणार आणि काय राहणार ते ठरवतात. तोफ, दारूगोळा, रडार जाणाऱ्याचं. इमारत, धक्का, धावपट्टी राहणाऱ्याची. भांडण होतं ते मधल्या गोष्टींवरून: क्रेन, जनरेटर, गोदीतली यंत्रं, इंधनाच्या टाक्या. जमिनीला बोल्टने आवळलेलं यंत्र स्थावर की जंगम? घर सोडताना भाडेकरूने भिंतीतला गिझर न्यावा की ठेवावा, या भांडणाचंच हे मोठं रूप. यादीत हे लिहिलं नसेल तर शेवटच्या महिन्यात रिकामी शेड हाती येते.

क्रमही महत्त्वाचा. आधी लांबच्या चौक्या, मग कोठारं, मग गोदी, शेवटी विमानतळ आणि बंदर, कारण माणसं आणि सामान त्यांतूनच बाहेर जायचं असतं. उलटा क्रम लावला तर फौज अडकून बसते. याच्या जोडीने चालू यंत्रणा हातात घ्यायची. जहाजांना कालव्यातून आणणारे वाटाडे, दीपगृह, पाण्याचे पंप, वीजपुरवठा. परकी माणूस गेला आणि दुसऱ्या दिवशी बंदरात जहाज आणणारा कुणी नसेल, तर मिळालेल्या बंदराचा उपयोग काय? म्हणून स्थानिक माणसं आधी काही महिने त्या कामावर बसवावी लागतात.

आणि परतीचा हक्क. हे कलम सगळ्यात फसवं. १९५४ च्या त्याच करारात अशी तरतूद होती, की अरब देशांवर किंवा तुर्कस्तानवर हल्ला झाला तर ब्रिटिश फौज पुढची सात वर्षं परत येऊ शकेल. तळाची देखभाल ब्रिटिश कंपन्यांची साध्या कपड्यातली माणसं करणार होती. फौज गेली आणि पाच महिन्यांच्या आत, नोव्हेंबर १९५६ मध्ये, ब्रिटन आणि फ्रान्स सुएझवर चालून आलेच, तेही या कलमाशी काडीचा संबंध नसताना. त्यानंतर इजिप्तने तो करारच रद्द केला. ताबा मिळाल्यावर जुन्या किल्लीची दुसरी प्रत कुणाकडे आहे, हे बघायचं असतं ते यासाठी.

तळ गेला, पोटापाण्याचं काय?

तळ म्हणजे नोकऱ्या. फेरीव्हिलच्या गोदीत शेकडो कुटुंबांचं पोट होतं: फिटर, वेल्डर, रंगारी, सुतार. माल्टातही तेच. तळ बंद होताना ही माणसं आनंदात आणि काळजीत एकाच वेळी असतात. १५ ऑक्टोबरच्या भाषणांत हा भाग कमी येतो, पण तो तितकाच खरा आहे.

उपाय एकच, गोदीला दुसरं काम देणं. मेंझेल बुर्गिबाला जहाजदुरुस्ती नागरी स्वरूपात चालू ठेवली गेली आणि १९६० च्या दशकात पोलादाचा कारखाना उभा केला. फुलाद हे त्याचं नाव, म्हणजे आपलं पोलादच. लष्करी गोदीत शिकलेले हात तिथे उपयोगी पडले. पण अशा कारखान्याला स्वतःचं गिऱ्हाईक शोधावं लागतं, तळाला ते लागत नव्हतं. हा फरक भरून यायला पिढी जाते.

फौज गेल्याने सगळंच सुटतं, असंही नाही. देशातली बरीच सुपीक जमीन तोवर फ्रेंच वसाहतवाल्यांच्या नावावर होती. १२ मे १९६४ ला, बार्डोच्या तहाच्या बरोबर ८३ व्या वर्षदिनी, ट्युनिशियाने ती राष्ट्राच्या मालकीची केली. फ्रान्सने उत्तरादाखल आर्थिक मदत बंद केली. तरी तळ बिझर्तमध्ये असताना हे पाऊल उचलायचं धाडस कुणाला झालं असतं?

मग भारतात असा दिवस का नाही?

कारण आपल्याकडे दोन तारखांमधलं अंतर फार थोडं होतं. १७ ऑगस्ट १९४७ ला ब्रिटिश फौजेची पहिली तुकडी मुंबईहून निघाली. २८ फेब्रुवारी १९४८ ला सॉमरसेट लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन गेटवे ऑफ इंडियाच्या कमानीखालून चालत जाऊन बोटीत बसली. भारतीय तुकड्यांनी मानवंदना दिली आणि फौज संपली. मध्ये साडेसहा महिने. भारताने ब्रिटनला एकही तळ ठेवू दिला नाही. शेजारी श्रीलंकेने दिला होता, म्हणून तिथलं त्रिंकोमाली बंदर ब्रिटनकडून परत यायला १९५७ उजाडलं.

एक बारकावा मात्र राहतो. परकी फौज जाणं वेगळं आणि आपल्या फौजेचा प्रमुख आपला माणूस असणं वेगळं. भारतीय लष्कराची सूत्रं जनरल करिअप्पांकडे १५ जानेवारी १९४९ ला आली, तो आपला लष्कर दिन. हवाई दलाला भारतीय प्रमुख १९५४ मध्ये आणि नौदलाला थेट १९५८ मध्ये मिळाला. ते ब्रिटिश अधिकारी मात्र दिल्लीच्या सरकारचे हुकूम पाळत होते. बिझर्तचा सेनाधिकारी पॅरिसचे हुकूम पाळत होता. फरक इथे आहे.

गोव्याचं प्रकरण बिझर्तच्याच वर्षातलं, म्हणून पुष्कळांना दोन्ही एकसारखी वाटतात. पण १९ डिसेंबर १९६१ ला गोव्यातून नुसती फौज गेली नाही, ४५१ वर्षांची राजवटच गेली. सातबारा आणि ताबा एकाच दिवशी मिळाला, म्हणून मुक्ती दिन एकच. दुसरा फरक बळाचा. गोव्यात पोर्तुगालचे काही हजार सैनिक मातृभूमीपासून हजारो किलोमीटर दूर एकटे पडले होते. बिझर्तमध्ये फ्रान्सची कुमक शेजारच्या अल्जेरियातून काही तासांत येत होती. पाच महिन्यांच्या अंतराने घडलेल्या दोन घटनांचे निकाल इतके वेगळे लागले, ते यामुळे.

परका तळ म्हणजे गुलामीच का?

नाही. अनेक देश आपल्या मर्जीने मित्रदेशाची फौज ठेवतात. परीक्षा एकाच प्रश्नाने होते: यजमान देशाने 'जा' म्हटलं तर ती फौज जाते का, आणि किती दिवसांत? चाडने नोव्हेंबर २०२४ मध्ये करार संपवल्याचं जाहीर केलं आणि जानेवारी २०२५ च्या अखेरीस फ्रेंच गेले. दोन महिने. तळाबद्दलची बातमी वाचताना भाडं किती, सैनिक किती यांच्याही आधी हे कलम शोधावं.

सायप्रसला तर तो प्रश्न विचारायचीही सोय नाही. १९६० मध्ये स्वातंत्र्य देताना ब्रिटनने अक्रोतिरी आणि ढेकेलिया हे दोन तुकडे, मिळून बेटाचा सुमारे ३ टक्के भाग, भाड्याने घेतले नाहीत. ते स्वतःच्या मालकीचे म्हणूनच ठेवले. तिथे ताबा मागायला जावं तर सातबाराच वेगळा निघतो. मुदत नाही, भाडेकरार नाही, म्हणून रद्द करायला करारही नाही. सायप्रसच्या सुट्ट्यांच्या यादीत १ ऑक्टोबरचा स्वातंत्र्यदिन आहे, फौजवापसीचा दिवस नाही.